दारावरची हिरवी फांदी

आमचं घर माळकरी. गावातल्या गुत्त्यावरून जाताना वडील आम्हा मुलांना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायला लावत. अशा घरातला मी, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी व्हिएन्नातल्या एका मद्यालयात चार तास बसून आलो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा आणि ऐकायला तुम्ही.

झालं असं, की २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी पुतण्याकडे ऑस्ट्रियाला गेलो होतो. राजवाडे पाहिले, चित्रसंग्रहालयं पाहिली. एका शनिवारी तो म्हणाला, ‘काका, राजेरजवाडे पुष्कळ झाले. आज शेतकऱ्याकडे जेवायला जाऊ.’ शहराच्या मध्यभागी शोटनटोर नावाचं स्थानक आहे. तिथून आम्ही ३८ नंबरची ट्राम धरली. ग्रिन्त्सिंग हा तिचा शेवटचा थांबा. अर्धा तासही लागला नाही, आणि खिडकीतून पाहतो तो टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा! आपल्यासारखा मांडव नाही. तारांना बांधलेल्या, कुंपणासारख्या उभ्या रांगा. मी निफाड तालुक्यातला. आमचे थोरले बंधू अण्णा आजही द्राक्षबाग करतात. युरोपातल्या एका राजधानीत ट्राममधून उतरल्यावर बाग दिसावी, याचं मला काय वाटलं असेल, ते बागाईतदारांना निराळं सांगायला नको.

व्हिएन्ना शहराच्या हद्दीत आज सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षमळे आहेत, आणि ते शोभेचे नाहीत. त्यांची वाइन होते आणि तिच्यातली बरीचशी तिथल्या तिथे, पिकवणाऱ्याच्या अंगणात विकली जाते. या अंगणालाच ‘हॉयरिगर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे : ‘यंदाची’. यंदाची वाइन ती हॉयरिगर, आणि ती जिथे मिळते ते घरही हॉयरिगर. ‘यंदा’ कधी संपतं हेही ठरलेलं आहे. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण येतो, त्या दिवशी गेल्या वर्षीची वाइन ‘जुनी’ होते आणि नव्या हंगामाची वाइन हे नाव घेते. त्या दिवशी भाजलेलं हंसाचं मांस खाण्याची प्रथा आहे. आपल्याकडे नवं धान्य घरात येतं तेव्हा जसा सण असतो, तशातलाच हा प्रकार.

ग्रिन्त्सिंग हे फार प्रसिद्ध ठिकाण. पर्यटकांच्या बसगाड्या तिथे रांगेनं उभ्या असतात, म्हणून आम्ही तिथे थांबलो नाही. दुसरी बस घेऊन शेजारच्या हायलिगनश्टाटला उतरलो आणि पुढे नुसडॉर्फच्या अंगानं चालत निघालो. ही सगळी एके काळी स्वतंत्र खेडी होती. शहर वाढत गेलं आणि १८९२ मध्ये त्यांना पोटात घेतलं. मुंबईनं वांद्रं-वेसावं घेतलं तसंच. फरक एवढाच, की इथे शेतं उरली. त्याचं एक कारण असं, की व्हिएन्नाच्या नगरपालिकेनं १९०५ मध्येच ठराव करून शहराभोवतीचा वनांचा आणि कुरणांचा पट्टा बांधकामापासून राखून ठेवला.

वाटेत एका गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसली : प्रोबुसगासे. प्रोबुस हा रोमन सम्राट, इसवी सन २७६ ते २८२ एवढीच त्याची कारकीर्द. त्याच्या आधी डोमिशियन नावाच्या सम्राटानं प्रांतांतल्या द्राक्षलागवडीवर निर्बंध घातले होते. प्रोबुसनं ते उठवले आणि सैनिकांकडून डॅन्यूबच्या मुलखात वेली लावून घेतल्या, असं जुने इतिहासकार लिहितात. लढाई नसताना सैनिकांना कुदळ-फावडं धरायला लावणं त्यांना रुचलं नाही. पुढे दलदल उपसण्याच्या कामावरून ते चिडले आणि त्यांनीच त्याला ठार मारलं. शेतकऱ्यांनी मात्र त्याचं नाव गल्लीला दिलं. याच गल्लीत सहा नंबरचं घर बेथोव्हेनचं. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये, आपली श्रवणशक्ती जाणार हे कळून चुकल्यावर, त्यानं भावांना उद्देशून ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. पण पाठवलं कधीच नाही. १८२७ मध्ये तो गेल्यावर कागदपत्रांत सापडलं. जवळच्याच चौकात १८१७ साली तो ज्या घरात राहिला, ते घर आता हॉयरिगर आहे. तिथे गर्दी होती, आम्ही पुढे गेलो.

‘नेमकं घर ओळखायचं कसं?’ मी विचारलं. पुतण्यानं वर बोट दाखवलं. एका कमानीच्या दारावर काठी आडवी बांधली होती, तिच्या टोकाला पाइनच्या ओल्या फांद्यांची जुडी. या जुडीला बुशन म्हणतात. जुडी टांगलेली असेल तर घर उघडं. काढली की बंद. पाटीवर बोलीभाषेत दोनच शब्द लिहिलेले असतात, त्यांचा अर्थ ‘टांगलं आहे’. काय टांगलं आहे, हे सांगावं लागत नाही. साठवलेली वाइन संपली किंवा ठरलेले आठवडे संपले, की शेतकरी फांदी उतरवतो आणि पुन्हा मळ्यात जातो.

कमानीतून आत गेलो. फरसबंदी अंगण, अक्रोडाचं झाड, हिरव्या रंगाची लांब लाकडी बाकं. अनोळखी माणसं एकाच बाकावर बसतात, ‘इथे कुणी आहे का?’ एवढं विचारायचं. मालकीणबाई सत्तरीच्या. त्या स्वतः काचेच्या कानाच्या पेल्यांतून वाइन आणून देत होत्या. पेला पाव लिटरचा. अन्न मात्र आत फळीवरून आपणच आणायचं : डुकराच्या मांसाचे चार प्रकार, बटाट्याची कोशिंबीर, काळा पाव, आणि ताज्या चीजमध्ये लाल मिरचीची पूड कालवून केलेलं लिप्टाउअर. माझ्या ताटात कोशिंबीर, पाव आणि लिप्टाउअर. पुतण्यानं मालकीणबाईंना माझी अडचण समजावून सांगितली असावी. त्या हसल्या आणि माझ्यापुढे द्राक्षांचा गोड रस ठेवून गेल्या. तोही घरचाच. माझ्या माळेची लाज राहिली.

या अंगणामागे एक सरकारी कागद आहे. इतिहासाच्या माणसाला अशा कागदाची नशा वाइनपेक्षा लवकर चढते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

सम्राट दुसरा जोसेफ हा एक अजब राजा होता. आई मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली आणि पुढची दहा वर्षं त्यानं हुकमांचा पाऊस पाडला. १७८१ मध्ये भूदासांना जमीनदाराच्या परवानगीवाचून लग्न करण्याची, गाव सोडण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षी प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स पंथीयांना उपासनेचं स्वातंत्र्य दिलं. पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या ज्यूंवरची अनेक बंधनं उठवली. १७८४ मध्ये तर त्यानं लाकूड वाचवण्यासाठी पुन:पुन्हा वापरता येईल अशी शवपेटी काढली. तिच्या तळाला झडप होती, झडप उघडली की मृतदेह खड्ड्यात आणि पेटी परत! लोक इतके खवळले, की वर्षभराच्या आत तो हुकूम मागे घ्यावा लागला. त्याच १७८४ सालचा, १७ ऑगस्टचा, त्याचा दुसरा एक हुकूम मात्र टिकला.

त्याचं कारण घडलं व्हिएन्नापासून दूर, आज इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर असलेल्या गोरित्सियाच्या मुलखात. तिथल्या एका सरदारानं आपल्या इलाख्यातल्या खाणावळींवर सक्ती केली होती : विकायची तर माझीच वाइन. शेतकऱ्यानं आपली वाइन कुठे न्यायची? तक्रार थेट सम्राटापर्यंत गेली. जोसेफनं त्या सरदारापुरता निकाल देऊन विषय संपवला नाही. त्यानं सर्वांनाच मुभा दिली : स्वतः पिकवलेलं अन्न, स्वतःची वाइन आणि फळांचं पेय वर्षात कधीही, हवं तेव्हा, हव्या त्या दरानं विकावं.

‘हव्या त्या दरानं’. हे शब्द पुतण्यानं मला फोनवर शोधून, जर्मनमधून उलगडून सांगितले, तेव्हा मला दुसरंच काही आठवलं. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं अण्णांची अख्खी बाग उचलली. दर त्यानं ठरवला, तोलाई त्याची, क्रेट त्याचे. हातावर धनादेश ठेवला, तो वटला नाही, आणि माणूस गाव सोडून गेला. पुतण्याचं बारावीचं वर्ष होतं ते. तो काही बोलला नाही, पेल्याचा कान बोटानं फिरवत बसला.

शेतकऱ्यानं आपल्या घरी वाइन विकण्याची चाल जोसेफच्या आधीपासून होतीच; त्यानं नवं काही शोधलं नाही. मध्ययुगातही व्हिएन्नातले मळेवाले दारावर फांदी लावत आणि राज्यकर्ते त्यावर डोळा ठेवत. चौथ्या रूडॉल्फनं १३५९ मध्ये पेयांवर दहा टक्के कर बसवला होता. जोसेफच्या कागदानं एवढंच केलं, की जे मेहेरबानीनं चाले ते हक्कानं चालू लागलं. गोरित्सियाच्या त्याच पट्ट्यात स्लोव्हेनियन भाषक शेतकरी अजून असंच घर उघडतात, त्याला ‘ओस्मित्सा’ म्हणतात. ओसेम म्हणजे आठ. वर्षाकाठी आठ दिवस विक्रीची मुभा, त्यावरून ते नाव. राज्यं बदलली, सीमा घराअंगणातून गेल्या, पण फांदी राहिली.

इथे आपल्याकडची गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. १७८४ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशाहीचे कारभारी झाले, तो काळ. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा आणला आणि ताडी-माडी काढणाऱ्याच्या झाडावर कर आला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. मोह हे आदिवासींचं पेय तसं अन्नही. मी दारूची वकिली करत नाही. माझ्या गावात दारूनं बसलेली घरं मी पाहिली आहेत. पण एका राजानं पिकवणाऱ्याला विकण्याचा हक्क दिला आणि दुसऱ्या राज्यानं तिजोरीसाठी तो काढून घेतला, हे दोन्ही इतिहासातच आहे, आणि शाळेत आम्ही दोन्ही शिकवलं नाही.

आता वेलीचं. मालकीणबाईंना मी अण्णांच्या बागेचे फोटो दाखवले. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी, हे ऐकून त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्याकडे थंडीत एकदाच. वेल हिवाळाभर झोपते. मग त्या आम्हाला मागच्या मळ्यात घेऊन गेल्या. तिथे एकाच रांगेत चार-पाच जातींच्या वेली मिसळून लावलेल्या. सगळ्या एकाच दिवशी तोडायच्या, एकत्रच गाळायच्या. याला ‘गेमिश्टर झाट्झ’ म्हणतात, मिश्र लागवड. एखाद्या जातीवर दंव पडलं, एखादी उशिरा पिकली, तरी बाकीच्या सावरून घेतात. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजरी-तूर-मटकीच्या पाभरीचाच हिशेब. शहाण्या लोकांनी मधल्या काळात ही पद्धत मागासलेली ठरवली होती. २०१३ पासून तिला कायद्यानं मान मिळाला : किमान तीन जाती हव्यात आणि एकही निम्म्याहून जास्त नको.

मी खाली वाकून वेलीचं खोड पाहिलं. जमिनीपासून वीतभर वर कलमाची गाठ होती. ‘डॉगरिज?’ मी हसून विचारलं. त्यांना नाव कळलं नाही, पण गाठीवर बोट ठेवल्यावर अर्थ कळला. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अमेरिका.’

ही एका कीटकाची करामत. फायलोक्झेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर युरोपात उतरली आणि मुळं शोषत सुटली. ऑस्ट्रियात ती प्रथम सापडली १८७२ मध्ये, व्हिएन्नाला लागून असलेल्या क्लोस्टरनॉयबुर्गमध्ये. आणि त्या गावात काय होतं? द्राक्षशेतीची सरकारी शाळा, १८६० मध्ये निघालेली! पुढच्या काही दशकांत मळेच्या मळे गेले. औषध सापडेना. शेवटी उपाय निघाला तोही जिथून रोग आला तिथलाच. अमेरिकन वेलींना ती कीड मारू शकत नाही, म्हणून मूळ अमेरिकन आणि वर कलम युरोपियन. आज व्हिएन्नातला मळा बहुतेक अशा उसन्या मुळांवर उभा आहे. आमच्या नाशकात नव्वदच्या दशकात पाणी आटलं, जमिनी खारवल्या, तेव्हा थॉमसनच्या खाली डॉगरिजचं मूळ आलं. तेही अमेरिकेचंच. कारण वेगळं, गाठ तीच.

अंगणात परतलो तेव्हा दोन म्हातारे वादक आले होते. एकाकडे व्हायोलिन, दुसऱ्याकडे ॲकॉर्डियन. या संगीताला ‘श्रामल’ म्हणतात. योहान आणि योझेफ हे श्रामल बंधू, दोघंही व्हायोलिनवादक. १८७८ मध्ये त्यांनी दुहेरी मानेच्या गिटारच्या साथीनं मेळ जमवला, पुढे त्यात छोटी सनईसारखी क्लॅरिनेट आली. दारूच्या अंगणातलं हे वादन योहान श्ट्राउससारख्यांनी नावाजलं. दोघे भाऊ दोन वर्षांच्या अंतरानं गेले, दोघेही त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांची गाणी हसरी वाटतात, पण पुतण्यानं सांगितलं, ‘काका, शब्द ऐकलेत तर निम्मी मरणावर आहेत.’

आणि हसण्यामागचं एक मरण तर फार जवळचं आहे. हान्स मोझर हा व्हिएन्नाचा लाडका विनोदी नट. त्याचं १९४० चं एक गाणं या अंगणांत अजून वाजतं. त्यात त्या फायलोक्झेरा किडीची आणि पूर्वजन्माची गंमत आहे. तो हे गात होता तेव्हा त्याची पत्नी, ती ज्यू म्हणून, त्याला सोडून हंगेरीत राहत होती. दुसरा हेर्मान लेओपोल्डी. व्हिएन्नाच्या गल्लीबोळांवर गाणी करणारा संगीतकार. १९३८ मध्ये हिटलर आल्यावर त्याला पकडून आधी डाखाऊ आणि मग बुखनवाल्डच्या छावणीत नेलं. तिथे अधिकाऱ्यांनी छावणीसाठी गाणं मागितलं. शब्द लिहिले फ्रित्झ ल्योनर-बेडा या कवीनं, ज्यानं एके काळी लेहारच्या संगीतिकांसाठी गीतं रचली होती. चाल दिली लेओपोल्डीनं. दमलेल्या कैद्यांनी ते गात कूच करायचं. लेओपोल्डी सुटून अमेरिकेला गेला आणि १९४७ मध्ये परत येऊन याच शहरात गाऊ लागला. ल्योनर-बेडा १९४२ च्या डिसेंबरमध्ये आउश्विट्झला मेला. ज्या बाकांवर यांची गाणी गायली जात, त्याच बाकांवर त्या वर्षांतही माणसं येऊन बसत होती, वाइन पीत होती. हे माहीत झाल्यावर अंगणातलं अक्रोडाचं झाड मला जरा वेगळं दिसू लागलं. ते केवढं जुनं होतं, हे मी विचारलं नाही.

शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी, आम्ही भारतीय म्हटल्यावर, आपणहून १९८५ ची गोष्ट काढली. त्या वर्षी काही ऑस्ट्रियन उत्पादकांनी आणि व्यापाऱ्यांनी वाइन घट्ट आणि गोड लागावी म्हणून तिच्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळल्याचं उघड झालं. निर्यात कोसळली, जगभर छी-थू झाली. सरकारनं त्याच वर्षी अतिशय कडक कायदा केला. ‘आमच्या बाईंना कोण तपासणार होतं?’ ते म्हणाले. ‘आम्ही त्यांच्याच अंगणात बसून पितो. वाईट निघाली तर उद्या त्यांनाच तोंड दाखवायचं आहे.’ युक्तिवाद पूर्ण पटण्यासारखा नव्हता, पण बाजू कळली. २०१९ मध्ये ऑस्ट्रियानं हॉयरिगरच्या या संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, हेही त्यांनीच सांगितलं. यादीत जाणं हे जगण्याचं लक्षण की आजाराचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘त्यांच्या मुलीला विचारा, ती बँकेत नोकरी करते.’

निघताना पुतण्यानं अण्णांना व्हिडिओवर फोन लावला. निफाडला रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्यानं कॅमेरा वेलींवर फिरवला, मग दारावरच्या फांदीवर. मी अण्णांना जोसेफचा हुकूम थोडक्यात सांगितला.

‘म्हणजे दर बाई ठरवतात?’ अण्णांनी विचारलं.

‘हो.’

‘आणि उधारी?’

‘दिसली नाही.’

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्यांना विचार, तोडणीला माणसं कुठून आणतात. इथं गोडी छाटणी तोंडावर आली, माणूस मिळेना.’

मालकीणबाईंनी सांगितलं : दोन भाचे, आणि स्लोव्हाकियातून दरवर्षी येणारी चार माणसं.

‘मग आमच्यासारखंच,’ अण्णा म्हणाले. ‘आमची पेठ-सुरगाण्याची. ठेव आता, झोपायचंय.’